बिनधुराचे निखारे

सासूबाई एप्रिलमध्ये परत जाणार होत्या आणि त्यांच्याबरोबर मी. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, इतक्या लांबच्या प्रवासात त्यांना एकटं सोडायचं नाही यावर घरात एकमत होतं, आणि माझी सुटका त्या एकमतावर उभी होती. नागपूरच्या ज्या ज्युनिअर कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवायचे, तिथली माझी बिनपगारी रजा संपत आली होती. दोनदा वाढवून झाली होती, तिसऱ्यांदा वाढणार नव्हती. जूनमध्ये कॉलेज उघडेल त्या दिवशी हजर झाले तर नोकरी माझी, नाही तर दुसऱ्या कुणाची. आमच्या प्राचार्याबाईंनी हे फोनवर इतक्या स्वच्छ शब्दांत सांगितलं होतं की त्यात पळवाट शोधायला जागाच नव्हती.

ही २००५ सालची गोष्ट. आम्ही मिनेसोटात, ईडन प्रेरीला राहत होतो. नवरा एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचा आणि मी त्याच्या व्हिसाला शेपूट म्हणून लटकलेली. त्या शेपटाच्या व्हिसावर नोकरी करायला बंदी होती. माझं एम.एस्सी., बी.एड. आणि इतक्या वर्षांचं शिकवणं बॅगेतून इथवर आलं आणि फडताळात जाऊन बसलं. गाडी एकच, ती सकाळी ऑफिसला जायची. बस नव्हती. फुटपाथ होते, पण त्यांवरून कुठे पोचता येत नव्हतं. ते कॉलनीला वळसा घालून परत आपल्याच दाराशी आणून सोडायचे. ग्रीन कार्ड आलं की तुलाही काम करता येईल, असं नवरा म्हणायचा, आणि ते कधी येणार असं विचारलं की वकिलाचा हवाला द्यायचा. वकील म्हणायचा, एनी टाइम नाऊ. तीन हिवाळे मी ते ऐकत होते.

हिवाळा म्हणजे काय ते सांगायला हवं. ऑक्टोबर संपत आला की नवरा खिडक्यांना आतून पातळ प्लास्टिक चिकटवायचा आणि हेअर ड्रायरच्या गरम हवेनं ते ताणून बसवायचा. तिकडे बरेच जण तसं करतात, म्हणजे थंडी आत शिरत नाही. थंडी शिरायची नाही हे खरं, पण दुसरंही काही शिरायचं नाही. एप्रिलपर्यंत एक खिडकी उघडत नसे. सकाळच्या फोडणीचा वास संध्याकाळी कोटांना यायचा. मी दिवसभर त्याच हवेत वावरायचे, तीच भांडी घासायचे, टीव्हीवर तेच हवामान बघायचे आणि संध्याकाळी नवरा आला की त्याच्यावर खेकसायचे. माझा स्वभाव मुळातच तिखट. पण नागपूरला त्या तिखटाला कामं होती. वर्गात साठ पोरं होती, प्रयोगशाळेत फुटणाऱ्या परीक्षानळ्या होत्या, स्टाफरूममध्ये भांडायला माणसं होती. इथे सगळं त्या एकट्याच्या वाट्याला यायचं. मला त्याची कीव यायची आणि तरी मी थांबत नसे.

सासूबाई ऑक्टोबरच्या सुरुवातीला, इकडे येणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर आल्या तेव्हा मला वाटलं होतं, आता दुष्काळात तेरावा महिना. झालं उलटंच. जेजुरीच्या पंचक्रोशीतली ही बाई, आवाज खणखणीत, दिवसातून दहा माणसांशी बोलल्याशिवाय जेवण न जाणारी. आठवड्याभरात खिडकीशी बसून म्हणाल्या, "काय गं हे गाव! नुसती घरं. माणसं कुठं ठेवतात?" तिथून आमचं जमलं. त्याही एप्रिलची वाट बघायच्या, मीही. स्वयंपाक करताना आम्ही विमानतळावर काय काय खायला न्यायचं ते ठरवायचो. नवऱ्याला हे आवडत नसे. "आधी सुट्टीसारखं जाऊन तर ये, मग नोकरीचं बघू," म्हणायचा. मी म्हणायचे, "बघायचं काय त्यात? मी जूनला वर्गावर असेन. तुझं कार्ड आलं की कळव." तो हसायचा. माझं खरं बोलणं त्याला नेहमी चेष्टेत ऐकू यायचं.

सासूबाईंना त्या अख्ख्या देशात एकच गोष्ट आवडली होती, गराजचं बटण. स्वयंपाकघरातून एक दार उघडलं की गराज, आणि त्या दाराशेजारी भिंतीवर बटण. दाबलं की समोरचा सगळा दरवाजा घरघरत वर जायचा, पुन्हा दाबलं की खाली. त्या दिवसातून दोनदा तरी वर-खाली करून बघायच्या आणि "द्वाड आहेत मेले, पण हुशार आहेत," म्हणायच्या.

आता वांग्याच्या भरिताकडे येते. सासरचं कुलदैवत खंडोबा. चंपाषष्ठीला बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत हा नैवेद्य, आणि चातुर्मासात वर्ज्य असलेलं वांगं त्या दिवशी पहिल्यांदा घरात शिजायचं. ती षष्ठी डिसेंबरच्या सुरुवातीला आली. संध्याकाळी तळी भरायला नवऱ्याच्या ऑफिसमधले मराठी मित्र यायचे होते. बाजरीचं पीठ इंडियन स्टोअरमध्ये मिळालं, वांगी तर तिकडे दुधीएवढी मिळतात. अडलं ते भाजण्यावर. घरात विजेची शेगडी, तिच्यावर काळी वेटोळी कॉईल. सासूबाईंनी तिच्याकडे बघून नाक मुरडलं. "ह्यावर भाजलेलं वांगं देवाला? देव काय आजारी आहे? निखारे पाहिजेत."

आणि निखारे म्हटलं की नवरा आधी छताकडे बघायचा. त्याला कारण होतं. दसऱ्याच्या सुमारास सासूबाईंनी ठेच्यासाठी मिरच्या भाजल्या होत्या. छताला लावलेला धुराचा अलार्म असा काही बोंबलला की ओळीतली चारही घरं बाहेर आली, आणि पाठोपाठ आगीचा बंब. बंबवाले सभ्य होते, खोकत खोकत हसले. पण घरमालकाच्या ऑफिसातून दुसऱ्या दिवशी ताकीद आली, आणि शेजारची म्हातारी नवऱ्याला बघून महिनाभर हवा हुंगायची. तेव्हापासून आमच्या घरात धूर हा एकच शत्रू. फोडणी घालायच्या आधी नवरा अलार्मवर अंघोळीची प्लास्टिकची टोपी चढवायचा. आमच्या ओळखीच्या किती तरी देशी घरांत तशी टोपी होती.

म्हणून त्यानं विचारपूर्वक, इंजिनिअरला शोभेल असा बेत केला. उन्हाळ्यात अंगणात वापरायची चाकांची कोळशाची ग्रिल होती. त्या दिवशी तो घरूनच काम करत होता. दुपारी त्यानं ग्रिल बाहेर ड्राइव्हवेवर नेली, कोळसा पेटवला, बर्फात उड्या मारत थांबला, आणि कोळसे धुमसायचे थांबून लालबुंद झाले, धूर पूर्ण गेला, तेव्हा ती ढकलत गराजमध्ये आणली आणि दरवाजा बंद केला. शेजारीण नाही, अलार्म नाही, आईला थंडी नाही.

"दार उघडं ठेव," मी म्हटलं. "निदान हातभर."

"अगं, बाहेर मायनस आहे. आई गारठेल. आणि आता धूर कुठाय?"

"धुराचं नाही सांगत मी. बंद जागेत कोळसा अर्धवट जळतो, त्यातून..."

"लेक्चर नको ना यार, प्लीज. माझा कॉल आहे." आणि तो कानाला हेडसेट लावून वर गेला, खोलीचं दार लावून घेतलं.

लेक्चर नको! माझ्या आयुष्यात मला एवढंच तर येत होतं. मी फणकारले, गराजमध्ये गेले, बटण दाबून दरवाजा गुडघ्याइतका वर केला आणि सासूबाईंना बजावलं, "आई, हा असाच राहू दे. हवा पाहिजे." त्या शाल गुंडाळून प्लास्टिकच्या स्टुलावर बसल्या होत्या, चिमट्यानं वांगी फिरवत होत्या. "बरं बाई," म्हणाल्या. त्यांच्या गावच्या घरात जन्मभर चूल पेटली होती. पण त्या घराच्या कौलांतून चांदणं दिसायचं, भिंती आणि आढ्यामधून वारा वाहायचा. चुलीनं त्यांचे डोळे बिघडवले असतील, पण तिनं कधी त्यांचा श्वास तोडला नव्हता. हवेची भीती म्हणजे काय हे त्यांना माहीत असण्याचं कारणच नव्हतं.

मी आत येऊन रोडगे ओव्हनमध्ये लावले. दाराआडून त्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं, खंडोबाच्या जागरणातलं काहीतरी. मी कांदा चिरला, मिरच्या कुटल्या. गुणगुणणं थांबलेलं मला जरा उशिरा जाणवलं. मग हाक आली, पण माझ्या नावानं नाही, माझ्या नणंदेच्या. नणंद पुण्याला.

मी दार उघडलं. गराजचा मोठा दरवाजा पूर्ण बंद होता. त्यांना पायाला गार लागलं असणार, माझ्या कुटण्याच्या आवाजात त्यांनी आपल्या लाडक्या बटणानं तो खाली आणला होता. आत छान ऊब होती. धुराचा मागमूस नव्हता. निखारे सुंदर फुलले होते, वांगी फुटून रस गाळत होती, आणि सासूबाई भिंतीला डोकं टेकून बसल्या होत्या. चिमटा खाली पडलेला.

"ऊन फार झालंय गं," त्या म्हणाल्या. "मला सावलीला घे."

बाहेर ड्राइव्हवेवर बर्फ घट्ट गोठलेला होता आणि ही बाई सावली मागत होती. मला जे कळायचं ते त्या एका वाक्यात कळलं. बटण दाबलं, आणि तो दरवाजा रोजच्याच आपल्या ऐटीत घरघरत वर जाऊ लागला. मी इतक्या संतापानं कधी कुठल्या यंत्राकडे पाहिलं नसेल. त्यांच्या काखेत हात घालून मी त्यांना ओढत बाहेर आणलं. त्यांचे पाय त्यांना उचलत नव्हते. बर्फावर बसवलं, माझ्या अंगावर रेलून, आणि वरच्या खिडकीकडे बघून किंचाळले. खिडकीला प्लास्टिक. मग आत धावले, जिन्याखालून ओरडले. नवरा हेडसेट गळ्यात घेऊन बाहेर आला आणि म्हणाला, "काय झालं? म्यूट केलंय मी."

त्याला मी त्या वेळी काय म्हणाले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बंब पुन्हा आला. या वेळी कोणी हसलं नाही. त्यांच्या हातात एक छोटं पिवळं यंत्र होतं, ते गराजच्या उंबऱ्याशीच किर्र वाजू लागलं, आणि स्वयंपाकघरातही वाजत राहिलं. तेव्हा आमच्या घरात धुराचा अलार्म होता, या वायूचा, कार्बन मोनॉक्साइडचा, नव्हता. त्यांनी सगळी दारं उघडली, खिडक्यांवरचं प्लास्टिक टराटरा फाडलं. एकानं ग्रिल ओढून बर्फात नेली आणि वांग्यांकडे बघून मला विचारलं, "मॅम, व्हॉट आर दीज?"

"एगप्लांट," मी म्हटलं. "फॉर गॉड."

त्यानं गंभीरपणे मान हलवली. माझं डोकं ठणकत होतं आणि घरातून गार हवेचा लोट वाहत होता. मी तो अधाशासारखा आत ओढत होते. खरं सांगते, सासूबाई स्ट्रेचरवर होत्या आणि तरी त्या हवेनं मला बरं वाटलं.

हॉस्पिटलात त्यांना मोठा मास्क लावून नुसता ऑक्सिजन देत होते. आम्हालाही तपासलं, थोडा वेळ नळी लावली आणि सोडलं. नवरा खुर्चीत वाकून बसला होता. त्यानं सातव्यांदा की आठव्यांदा तेच म्हटलं, "पण धूर नव्हता गं. मी बाहेर थांबून पूर्ण धूर जाऊ दिला."

"तेच तर," मी म्हटलं. "धूर दिसतो, डोळ्यांना झोंबतो, माणूस पळतो. हा वायू दिसत नाही आणि त्याला वासही नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजनपेक्षा त्यालाच आधी मिठी मारतात आणि सोडत नाहीत. आई श्वास घेत होत्या, सकाळचा उपमा पचला होता, त्यातली साखर रक्तातून पेशीपेशीत पोचत होती. पोचत नव्हता तो फक्त ऑक्सिजन."

"पण अन्न होतं ना? मग पेशींना एनर्जी..."

त्यानं प्रश्न विचारला! तीन वर्षांत पहिल्यांदा त्यानं मला माझ्या विषयातला प्रश्न विचारला. आणि मी, सासू आत मास्क लावून पडलेली असताना, फळ्यासमोर उभी राहिल्यासारखी सरळ झाले.

मी वर्गात हे पंगतीवरून शिकवायचे. पेशीत आलेली साखर आधी बाहेरच, ओट्यापाशी, अर्धी मोडते. त्याला ऑक्सिजन लागत नाही, आणि त्यातून हाती लागतात जेमतेम दोन घास. खरी पंगत आत बसते, तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात. ती बसली तर त्याच साखरेतून सगळे मिळून अडतीस घास निघतात, निदान आमच्या पुस्तकात तरी तसं होतं. या पंगतीत ऑक्सिजन काही शिजवत नाही आणि वाढतही नाही. तो सगळ्यात शेवटी उभा असतो, उष्ट्या पत्रावळी उचलायला. पोरं हसायची, मॅडम, एवढंच काम? एवढंच. पण तो आला नाही तर उठलेल्या पंगतीच्या जागी दुसरी बसू शकत नाही. वाढपी भांडी धरून खोळंबतात, आचारी हात बांधून बसतो, भात निवत जातो. कोठीघर भरलेलं आणि मांडवात सगळे उपाशी. मग नाइलाजानं जो तो ओट्यापाशी जाऊन उभ्या उभ्या दोन घास खातो. जिवाच्या आकांतानं पळणाऱ्या माणसाच्या मांडीचं तेवढ्यावर थोडा वेळ भागतं. तिथे लॅक्टिक आम्ल साचतं, पाय भरून येतात, तो थांबतो, धापा टाकून मागची भरपाई करतो आणि पुन्हा पंगत बसते. यीस्टसारखे जीव तर हवा नसली तरी त्या दोन घासांवर संसार करतात, त्यावर आपला पाव फुगतो आणि दारूही होते. मेंदूला ते जमत नाही. त्याची भूकच मोठी. त्याला पंगतच लागते, आणि ती अखंड चालू लागते. म्हणून आईंना आधी माणसं ओळखू येईनाशी झाली, मग ऋतू.

नवरा टक लावून ऐकत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ऐकत होता. मी थांबले तेव्हा म्हणाला, "किती छान सांगतेस गं तू." मग माझा हात धरून म्हणाला, "तू होतीस म्हणून. मी एकटा असतो तर धूर नाही म्हणून वर बसून राहिलो असतो."

मला आनंद झाला. हे कबूल करायला मला आजही लाज वाटत नाही. इतकी तहानलेली होते मी, की कोणी ओंजळभर दिलं आणि मी प्याले. त्याच वेळी मास्क काढलेल्या सासूबाईंनी आतून खुणेनं बोलावलं. त्यांचा चेहरा लहान झाला होता. त्यांनी माझ्या कुडत्याचं टोक मुठीत धरलं आणि मुलाला म्हणाल्या, "ही होती म्हणून मी आहे रे. आता हिला कुठं जाऊ देऊ नकोस."

"नाही जाऊ देत, आई," तो म्हणाला.

माझ्यासमोर. मला न विचारता. आणि दोघंही माझ्याकडे इतक्या मायेनं बघत होते की मला ओरडायलाही तोंड राहिलं नाही. रागावून बांधलं असतं तर मी दोर चावून तोडला असता, तेवढे दात आहेत मला. हे काय तोडणार?

तरी मी भांडले. घरी आल्यावर दोन-चार दिवसांनी म्हटलं, "एप्रिलचं तिकीट काढ." तो म्हणाला, "काढतो ना. कोण नाही म्हणतंय? आईला जरा बरं वाटू दे." पण आईला बरं वाटेना. जानेवारीपासून त्या विसरू लागल्या. भाजीत दोनदा मीठ पडायचं किंवा पडायचंच नाही. फ्रीज उघडून त्या तशाच उभ्या राहायच्या. एकदा मी कचरा टाकून येईपर्यंत त्या पायमोजे घालून रस्त्यापर्यंत गेल्या होत्या, "एसटी येईल आता," म्हणाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, या वायूनंतर काहींना असं उशिरा होतं, बरंचसं भरून येतं, पण महिने लागतील. तोवर घरात एकटं ठेवू नका आणि उन्हाळ्यात पुन्हा तपासल्याशिवाय लांबचा प्रवास नको.

मी सगळ्या वाटा चाचपून पाहिल्या. नणंदेनं यायचं ठरवलं, तिचा व्हिसा नाकारला गेला. नवऱ्यानं नोकरी सोडायची तर आमचा दोघांचा व्हिसा त्याच दिवशी संपणार आणि ग्रीन कार्डाची रांगही. "मग चला, आई बऱ्या झाल्या की सगळेच कायमचे परत जाऊ," मी म्हटलं. त्यानं वकिलाच्या कागदांची फाइल उचलून पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाला, "इतकी वर्षं थांबलो गं." त्या क्षणी मला दिसलं की तोही आतच आहे, फक्त त्याच्या कोठडीला ऑफिस म्हणतात. हे दिसल्यानं माझा राग कमी व्हायला हवा होता. झाला नाही. फक्त त्या रागाला जायला रस्ता उरला नाही.

आणि सासूबाई मला घटकाभर सोडत नसत. मी जिन्यावर गेले तरी खालून हाक. मी त्यांना न्हाऊ घालायचे, केस विंचरून द्यायचे. कधी कधी विंचरता विंचरता वाटायचं, बाई गं, त्या दिवशी हातभर दार उघडं ठेवलं असतंस तर आज आपण दोघी बॅगा भरत असतो. पण त्या मान मागे टाकून माझ्या हातात डोकं देऊन बसलेल्या असत. मी विंचरत राहायचे.

मार्चमध्ये एका संध्याकाळी प्राचार्याबाईंचा फोन आला. तिकडे सकाळ उजाडलेली. त्या आडपडदा ठेवणाऱ्या नव्हेत. "मला जाहिरात द्यायची की नाही ते सांग," म्हणाल्या. नवरा सोफ्यावर होता, त्यानं टीव्हीचा आवाज बंद केला. सासूबाई माझ्या शेजारी लसूण सोलत होत्या.

"द्या, मॅडम," मी म्हटलं.

मग त्या म्हणाल्या, "तुझीच एक विद्यार्थिनी विचारत होती. तासिका तत्त्वावर सध्या तीच तुझे वर्ग घेते. बरी आहे, पण प्रात्यक्षिकांना गडबडते. श्वसनाचा प्रयोग गेल्या आठवड्यात पार फसला तिचा."

"हरभरे कोरडे घातले असतील," मी म्हटलं. "तिला सांगा, दोन दिवस आधी भिजवून मोड आणायचे. बरणीत जागा ठेवायची. आणि झाकणाला मेण नीट लावायचं, नाही तर हवा आत शिरते, नळीतलं पाणी चढत नाही आणि पोरं हसतात."

"थांब, हळू सांग, लिहून घेते," बाई म्हणाल्या. मी हळू सांगितलं. किती हरभरे, किती कॉस्टिक सोडा, नळीला रंगीत पाणी घातलं तर मागच्या बाकापर्यंत दिसतं, सगळं सांगितलं. आवाज शेवटपर्यंत नीट राहिला. फोन ठेवला तेव्हा नवरा उठून जवळ आला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "थँक्स." मी तो हात झटकला.

सासूबाईंनी लसणाची पाकळी वाटीत टाकली आणि वर बघितलं.

"कॉलेजातून फोन होता का गं?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी पूर्वीसारखा लख्ख होता. "मग? आता आपलं जायचं जवळ आलं की! हा अडवेल बरं का तुला, मी ओळखते त्याला. तू अजिबात ऐकू नकोस. मी सांगते त्याला, हिला जाऊ दे म्हणून."

हॉस्पिटलातलं त्यांना काही आठवत नव्हतं. नवऱ्यानं मान खाली घातली. मी त्यांच्या पुढ्यातली सालं गोळा केली आणि म्हटलं, "हो आई. सांगा त्याला."